वजनाचा शत्रू : कॉलिन चॅपमन

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी एखाद्या थोर अभियंत्यावर लेख असतोच. विश्वेश्वरय्या होऊन गेले, लक्ष्मणराव किर्लोस्कर होऊन गेले, वालचंद हिराचंदही होऊन गेले. यंदा मी ज्याच्यावर लिहायला बसलोय तो थोर होता की नाही, यावर आमच्या विंगमध्ये अजून एकमत नाही. एक पार्टी म्हणते की असा डोक्याचा माणूस गाड्यांच्या दुनियेत परत झाला नाही. दुसरी पार्टी म्हणते की त्याच्या गाड्यांनी माणसं मारली आणि शेवटी तो पैशाच्या लफड्यात अडकला. माझ्या मते दोन्ही पार्ट्यांचं खरं आहे. म्हणून तर लिहावंसं वाटलं.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन. जन्म १९ मे १९२८, लंडनजवळच्या रिचमंड गावी. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. पोरगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला गेला. मेकॅनिकलवाल्यांनी इथे जरा नोंद घ्यावी, गाड्यांचा हा बादशहा मुळात आपल्या सिव्हिलवाल्यांच्या जातकुळीतला! आणि त्याहून गोड बातमी पुढेच आहे. शेवटच्या वर्षी साहेब गणितात अडकले. आपल्या भाषेत केटी लागली. १९४८ साली पदवी न घेताच कॉलेज सोडलं, पुढच्या वर्षी तो पेपर पुन्हा दिला आणि १९४९ मध्ये एकदाची डिग्री हातात पडली. एम-थ्रीवाल्यांनी हा परिच्छेद कापून खोलीत लावायला माझी हरकत नाही.

केटी लागायला कारणही तसंच होतं. कॉलेजात असतानाच तो एका मित्राबरोबर जुन्या गाड्या घ्यायचा, ठाकठीक करायचा आणि विकायचा. धंदा जोरात होता. पण १९४७ च्या शेवटी ब्रिटिश सरकारनं खासगी गाड्यांचं पेट्रोलचं मूळ रेशनच बंद केलं. पेट्रोलच नाही तर गाडी घेणार कोण? भाव कोसळले, कमावलेलं सगळं गेलं. हातात उरली एक १९३० सालची ऑस्टिन सेव्हन, जी कुणी घेईना. मग त्यानं मैत्रीण हेझल विल्यम्सच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिची बॉडी उतरवली आणि प्लायवूड-अ‍ॅल्युमिनियमची नवी हलकी बॉडी चढवली. ही पहिली लोटस, १९४८ ची. लोटस म्हणजे आपलं कमळ. हे नाव का ठेवलं ते त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पुढे थोडे दिवस हवाई दलात, मग ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी. दिवसा नोकरी, रात्री गाड्या. १९५१ साली त्यानं ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनवर एक करामत केली. त्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना मिळून एकेक इनलेट पोर्ट होतं, म्हणजे दोन सिलिंडर एकाच नळावर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्यांसारखे भांडायचे. यानं आत पडदा घालून वाटणी करून टाकली. गाडी इतकी पळाली की पुढे त्या शर्यतीच्या नियमांतच ही युक्ती बंद केली गेली. नियम वाचायचे ते त्यांतली फट शोधायला, ही सवय इथूनच लागली. ही सवय पुढे त्याला बरंच काही देऊन गेली आणि बरंच काही घेऊनही गेली.

१ जानेवारी १९५२ ला वडिलांच्या हॉटेलामागच्या तबेल्यात लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. भांडवल म्हणजे हेझलकडून उसने घेतलेले २५ पौंड. (१९५४ मध्ये हेझलशी लग्न झालं, तेव्हा उधारी मिटली असं समजू.) मित्र संध्याकाळी येऊन फुकटात राबायचे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी १९५८ मध्ये आपली कंपनी काढली. दोन आडनावं जोडून तिचं नाव ठेवलं कॉसवर्थ. पुढे या कंपनीच्या इंजिनांनी फॉर्म्युला वन कित्येक वर्षं गाजवलं. लोटसची गाडी सुट्या भागांत विकली की तिच्यावर खरेदी कर लागत नसे. पण सोबत जोडणीची माहितीपुस्तिका द्यायला मनाई होती. तेव्हा चॅपमननं गाडी खोलायची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकानं ती उलटी वाचायची, असं सांगतात!

आता मूळ मुद्द्यावर येतो. कारण मी चॅपमनच्या वाटेला गेलो तो फॉर्म्युला वनमुळे नाही, दगडांच्या आवाजामुळे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये लोटस एलीट लोकांसमोर आली. दिसायला आजही कुणी मान वळवून बघेल अशी. आकार काढला पीटर किर्वन-टेलर या चॅपमनच्या मित्रानं, जो पेशानं अकाउंटंट होता. हवेचं गणित विमानांतला माणूस फ्रँक कॉस्टिन याचं, माइकचा भाऊ. ड्रॅग कोइफिशंट ०.२९, तोही १९५७ साली. इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, १२१६ सीसी, ७५ हॉर्सपॉवर. वजन जेमतेम ५०० किलोच्या घरात. पण खरी गोष्ट वेगळीच होती. फायबरग्लासची बॉडी त्याआधीही होती, १९५३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरग्लासचीच. मात्र तिच्या खाली भक्कम स्टीलची चासी होती, फायबर नुसतं अंगरख्यासारखं वर. चॅपमननं चासीच काढून टाकली. तीन मोठे साचे, त्यांतून निघालेली तीन मोठी अंगं एकमेकांना चिकटवायची आणि तयार होणारी पोकळ पेटीच सगळा भार घेणार. पुढच्या सस्पेन्शनसाठी आणि काचेच्या चौकटीपाशी तेवढं स्टील. मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल थेट फायबरग्लासवर. सगळा भार फायबरग्लासवर सोपवणारी विक्रीची ही पहिली गाडी. हे करायला छाती लागते.

आणि ही गाडी आवाज फार करायची.

का करायची हे समजून घ्यायला हरकत नाही, कारण आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टची गाडीही फायबरग्लासच्या बॉडीचीच आहे. दोन सीटची, बॅटरीवर चालणारी. कॉलेजच्या मागच्या खडीच्या रस्त्यावर पहिल्यांदा चालवली तेव्हा आत बसलेल्याला वाटावं, कुणी खाली पत्र्याच्या डब्यात चणे भाजतंय. रिव्ह्यूमध्ये सरांनी एकच प्रश्न विचारला, की हा आवाज घालवायचा तर वजन किती वाढेल? त्या रात्रीपासून मी एलीटच्या मागे लागलो.

आधी दगडाचं गणित. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तेव्हा गाडीच्या मानानं त्याचा वेग साधारण गाडीच्याच वेगाइतका असतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दोन ग्रॅमचा खडा धरला तर ऊर्जा येते ०.६ ज्यूलच्या थोडी वर. म्हणजे एक किलोचं वजन सहा-साडेसहा सेंटिमीटरवरून सोडल्यासारखं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण असे खडे एकामागून एक, चार चाकांवर. सुटणारा खडा चाकाच्या वरच्या खोलीत आपटतो, ज्याला एसटीचे ड्रायव्हर मडगार्ड म्हणतात. आपल्या लाल डब्यात निदान मडगार्ड वेगळं आणि पत्र्याचं असतं. एलीटमध्ये ती चाकाची खोली म्हणजे गाडीच्याच पेटीची भिंत. दगड तिथे आपटला की ठोका सबंध पेटीत फिरतो. ढोलकीच्या आत बसून कुणी बाहेरून टिचक्या माराव्यात, तसं.

इथे फायबरग्लासवर थोडा अन्यायही होतो. पत्र्यासारखं ते खणखणत राहत नाही, त्याच्या अंगातच थोडं डॅम्पिंग असतं. पण ते हलकं असतं आणि त्या मानानं ताठ. तीन मिलिमीटर फायबरग्लासचा एक चौरस मीटर साधारण साडेचार किलो. ०.८ मिलिमीटर पत्र्याचा सव्वासहा किलो. भिंतीचं वजन दुप्पट झालं की आरपार जाणारा आवाज ढोबळमानानं ६ डेसिबलनं उतरतो, हा मास लॉ आपण शिकलोय. त्या हिशोबानं फायबर पत्र्यापेक्षा सुमारे ३ डेसिबल मागे पडतं. आणि जाडीच्या घनाचा हिशोब केला तर वाकायला ते पत्र्याहून पावणेदोन पट ताठ, त्यामुळे आवाज बाहेर फेकायला जास्त तत्पर. थोडक्यात काय, हलकं आणि ताठ, हे जे दोन गुण चॅपमनला हवे होते तेच आवाजाच्या बाबतीत दुर्गुण ठरतात.

बरं, नुकसान फक्त कानाचं नाही. चाकाच्या खोलीत आतून दगड बसतो, आणि बाहेरच्या चकचकीत जेलकोटवर चांदणीसारखी चीर उमटते. मार एका बाजूला, वळ दुसऱ्या बाजूला! जुन्या फायबरच्या गाड्या जपणाऱ्यांना या चांदण्या चांगल्याच ओळखीच्या. शिवाय आतून रेझिन खरवडलं गेलं की काचेचे धागे उघडे पडतात आणि पाणी पितात. कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत असतं.

उपाय तीन थरांत आहे आणि थरांचा क्रम महत्त्वाचा. चाकाच्या बाजूला मऊ थर हवा, रबरासारखा स्टोनगार्ड किंवा बिटुमेनचा लेप. दगड मऊ थरात क्षणभर जास्त रुततो, ठोका लांबतो आणि कानाला टोचणारा वरच्या पट्टीतला आवाज कमी होतो. टकचा धप होतो म्हणा. आतल्या बाजूला डॅम्पिंगचे चिकट पॅड. ते सबंध पॅनेलभर लागत नाहीत, मधल्या मोठ्या सपाट भागावर लावले तरी बराचसा परिणाम मिळतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे चाक आणि बॉडी यांच्या मध्ये सुटा लायनर, थोडी हवेची फट ठेवून. दगड लायनरला लागतो, बॉडीला लागतच नाही. फक्त त्या फटीत चिखल साठता कामा नये, खाली निचरा हवा. लेप लावण्याआधी खोली घासून, सॉल्व्हंटनं पुसून, उघडे धागे रेझिननं बंद करून घ्यायचे. नाहीतर लेप पहिल्याच पावसाळ्यात सालपटासारखा निघून येतो. स्पंज, वाकळ, जुना गालिचा वगैरे चाकाच्या बाजूला कोंबायचे नाहीत, पाणी धरून बसतात.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. एका चाकाच्या खोलीचं क्षेत्रफळ मी अर्धा चौरस मीटर धरलं, चार मिळून दोन. दोन मिलिमीटर लेपाचे चौरस मीटरला अडीच किलो. एकूण पाच किलो. एलीटच्या वजनाच्या एक टक्का! शंभरातला एक हा आकडा मला फारसा वाटत नाही. चॅपमनला मात्र तो डोंगर वाटला असता. रेसिंगच्या गाडीचा एकेक भाग वजन उतरवत उतरवत मोडायच्या बेतापर्यंत आणायचा हा त्याचा खाक्या होता. एलीटच्या दाराच्या काचासुद्धा खाली सरकत नसत. वारा हवा असेल तर काच काढून सीटमागे ठेवायची. अशा गाडीत कुणी पाच किलो डांबर फासा म्हणालं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

आमच्या ग्रुपनं ते फासलं. चाकाच्या बाजूला पूर्ण लेप, आतून पॅड फक्त मधल्या भागात. रेंज मोजली तेव्हा फरक धरण्याइतका नव्हता, आणि आत बसलेल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आमच्यातला एक जण अजून म्हणतो की चॅपमननं आम्हाला नापास केलं असतं. असेलही.

एलीट १९६३ पर्यंत सुमारे हजारभर विकल्या गेल्या आणि कंपनीला त्यांत तोटाच झाला. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मात्र १९५९ ते १९६४ सलग तिनं आपल्या गटात बाजी मारली. चॅपमन हट्टी होता पण मूर्ख नव्हता. १९६२ च्या एलानमध्ये त्यानं आणि रॉन हिकमननं रस्ता बदलला. मध्ये स्टीलचा एक कणा, इंजिन-सस्पेन्शन-डिफरन्शियल सगळं त्याला, डिफरन्शियल रबरावर टांगलेलं, आणि फायबरची बॉडी नुसती वरून. आवाजही कमी, खर्चही कमी. लोटस पहिल्यांदा रस्त्यावरच्या गाडीवर नीट कमावू लागली. (हाच हिकमन पुढे घराघरातल्या सुतारकामाच्या घडीच्या टेबलाचा, वर्कमेटचा, जनक झाला.) १९७७ च्या बाँडपटात पाण्याखाली जाणारी पांढरी गाडी आठवते ना? ती लोटस एस्प्री, तीही फायबरचीच.

एलीटमधली भार घेणाऱ्या पेटीची कल्पना वाया गेली नाही असं मला वाटतं. १९६२ च्या लोटस २५ मध्ये तीच कल्पना अ‍ॅल्युमिनियममधून फॉर्म्युला वनमध्ये आली. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला. १९६५ मध्ये त्यानं इंडियानापोलिसही जिंकलं, मागे इंजिन असलेल्या गाडीचा तिथला पहिला विजय. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच चासीचा भाग झालं. १९७८ मध्ये गाडीखालच्या हवेनं रस्त्याला चिकटणारी लोटस ७९ आणि मारिओ आंद्रेत्ती. एकूण सात वेळा कन्स्ट्रक्टर्सचं अजिंक्यपद. गाडी जिंकली की चॅपमन आपली काळी टोपी हवेत भिरकावायचा, हे दृश्य रेसिंगवेड्यांना पाठ आहे.

पण दुसऱ्या पार्टीचंही ऐकलं पाहिजे. १९६० साली बेल्जियममधल्या स्पाला एकाच दिवशी सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. मॉसचे पाय मोडले, टेलर जबर जखमी झाला आणि नंतर कोर्टात गेला. १९६९ मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख मोडले. त्यानंतर रिंटनं चॅपमनला पत्र लिहिलं. गाड्या इतक्या पुढे आहेत की काही नाजूक भाग थोडे जड आणि मजबूत केले तरी आपण जिंकू, अशा अर्थाचं. त्या पत्रातली मागणी काही किलोंची होती. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या सरावात रिंटच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं अजिंक्यपद त्याला मरणोत्तर मिळालं, आजवरचा असा एकमेव. क्लार्क १९६८ मध्ये हॉकेनहाइमला गेला, लोटसमध्येच. क्लार्क गेल्यावर चॅपमन आतून मोडला असं त्याच्या जवळचे लोक सांगत, आणि मला ते खोटं वाटत नाही. पण मोडलेल्या माणसाच्या गाड्यांचे भाग त्यामुळे जाड झाले नाहीत, हेही तितकंच खरं.

शेवट तर आणखी अवघड. १९७८ मध्ये जॉन डिलोरियननं आपली स्टीलच्या कातडीची गाडी तयार करून देण्याचं काम लोटसला दिलं. कातडीखाली तिचीही बॉडी फायबरग्लासचीच, लोटसच्या पद्धतीनं निर्वात साच्यात रेझिन खेचून केलेली. कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ, पैसा बव्हंशी ब्रिटिश जनतेचा, हेतू तिथल्या बेकार पोरांना काम मिळावं हा. १९८२ मध्ये कारखाना बुडाला. तेव्हा उघड झालं की विकासाच्या कामासाठी म्हणून दिलेले सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर जीपीडी नावाच्या एका जिनीव्हातल्या कंपनीमार्फत भलतीकडेच गेले होते. नियमांतली फट शोधणारा माणूस इथेही फटीतच सापडला.

१६ डिसेंबर १९८२ ला पहाटे नॉर्फोकमधल्या आपल्या घरी चॅपमन हृदयविकारानं गेला. वय ५४. त्याच दिवशी त्याची टीम अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी घेत होती. मरण इतकं अचानक की तो मेलाच नाही, कुठेतरी पळून गेलाय, अशा वावड्या पुढे कित्येक वर्षं उठत राहिल्या. १९९२ मध्ये बेलफास्टच्या कोर्टात त्याचा हिशेबनीस फ्रेड बुशेल याला तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असता तर त्याला निदान दहा वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हाच बोलून दाखवलं.